निकाल राखीव

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझे वडील चहाचा कप ओठांपर्यंत नेता नेता थांबले. पडले नाहीत. कप सुटला नाही. डोळे उघडे, नाडी व्यवस्थित, श्वास संथ. फक्त पुढचं काही झालं नाही.

असे थांबलेले ते तिसरे.

चार महिन्यांपूर्वी मी एका विद्यापीठाचा इतिहास लिहायला घेतला होता. आसपासच्या लहान गावांतल्या मुलांसाठी काढलेलं सरकारी विद्यापीठ, चौतीस वर्षं चाललं. मग ते मोठ्या विद्यापीठात विलीन झालं आणि पाटी उतरली. आता त्या इमारतीत जमीनमोजणीचं कार्यालय आहे. वर्तमानपत्रात बावीस वर्षं काढल्यामुळे तारखा जुळवायची मला सवय. शिवाय वडील तिथे पडताळणी अधिकारी होते, म्हणजे अर्धा इतिहास घरातच जेवायला बसायचा.

तळघरात निकालपत्रकांचे गठ्ठे होते. डिंकाचा आणि लाखेचा वास. पंचविसाव्या वर्षाच्या पत्रकात आसन क्रमांक ४११७ समोर दोनच अक्षरं होती: नि. रा. निकाल राखीव. ही तात्पुरती खूण. चौकशी होते, पंधरवड्यात ती खोडली जाते. ही खोडली गेलीच नव्हती. खाली तीन सह्या. पहिली कुलसचिवांची, दुसरी परीक्षा नियंत्रकांची. तिसरी मी माझ्या प्रगतिपुस्तकांवर बघत मोठा झालो होतो.

तो सोमवार होता. संध्याकाळी कळलं, माजी कुलसचिव सकाळी वर्तमानपत्राचं पान उलटता उलटता थांबले. वेळ अकरा दहा.

मी योगायोग म्हणून नोंद केली.

चौकशीच्या खिडकीवर सव्वीस वर्षं बसलेल्या बाईंना सगळे खिडकीमावशी म्हणत. निवृत्त होऊनही त्या समोरच्याशी किंचित वाकून, फटीतून बोलल्यासारख्या बोलतात.

"एक्केचाळीस सतरा? पोरगी होती हो. शिक्षिकेची नोकरी ठरलेली, फक्त निकाल दाखवायचा बाकी. दर सोमवारी यायची. खिडकी अकराला उघडायची, तिचा नंबर लागेस्तोवर दहा मिनिटं."

"मग निकाल का दिला नाही?"

"उत्तरपत्रिकेवरचा नंबर झाकायला चिठ्ठ्या असायच्या ना, त्या दोन पोरींच्या उलटसुलट लागल्या. हिचे मार्क दुसरीला गेले. ती तर पहिली आली, हारतुरे झाले, फोटो छापून आला. तुमच्याच पेपरात!" मावशी हसल्या, मग थांबल्या. "आता चूक झाली म्हणायचं कोणी? तिघांनी सही केली आणि ठेवला हिचा निकाल राखून. गावात मात्र झालं, हिनं कॉपी केली. नोकरी गेली. नऊ वर्षं मी तिला एकच वाक्य ऐकवलं. पुढच्या सोमवारी या."

"शेवटी?"

"विद्यापीठ बंद झालं त्या दिवशीही आली. शांतपणे म्हणाली, ज्यांनी सह्या केल्या, त्यांचाही निकाल मी राखून ठेवते. आम्ही हसलो. खोटं कशाला सांगू, मीही हसले. त्याच हिवाळ्यात गेली बिचारी."

पुढच्या महिन्यात परीक्षा नियंत्रक थांबले. सोमवार. एक पाय चपलेत, एक बाहेर. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. जिवाला धोका आहे म्हणता येईना, नाही म्हणता येईना.

पुस्तकाची मुद्रितं तपासायला आली. परिशिष्टात अधिकाऱ्यांची जन्म-मृत्यूची सालं होती. कुलसचिव आणि नियंत्रक यांच्या मृत्यूच्या रकान्यात मी रेघ मारून दिली होती. छापून आलं होतं: नि. रा.

मी छापखान्यात फोन केला.

"साहेब, आमच्याकडे चुका होतात," छापखानेवाला म्हणाला, "पण इतक्या नीटनेटक्या होत नाहीत. तुमच्या कागदावर आहे तसं लावलंय."

वडिलांच्या नावापुढे अजून रेघच होती.

सातवं प्रकरण मी दोन दिवसांत लिहिलं. चिठ्ठ्यांची अदलाबदल, तीन सह्या, ४११७ चे खरे गुण. निकाल जाहीर झाला की तिचं देणं फिटेल आणि वडील वाचतील, असा साधा हिशोब होता. छापण्याआधी त्यांना दाखवलं, कारण नाव त्यांचं होतं.

त्यांनी सावकाश वाचलं. चष्मा काढून पुसला.

"मी तिसरा होतो रे. वरच्या दोघांनी केल्यावर तिसरा काय करणार?"

"बाबा, नाही म्हणता आलं असतं."

"आलं असतं." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "लोक अजून मला वाकून नमस्कार करतात, बाळा. मी असेपर्यंत नको छापूस. एवढंच माग‌तो."

बापाने आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं. आईने चहा आणून ठेवला. मी तिथूनच छापखान्यात फोन लावला.

"सातवं प्रकरण राखून ठेवा."

आमच्या धंद्यात हे वाक्य मी हजारदा बोललो असेन. बातमी राखून ठेवायची असतेच.

"राखीव," पलीकडून आवाज आला. "बरं."

तो छापखानेवाल्याचा आवाज नव्हता.

मी वळलो. वडिलांनी कप उचलला होता.

दुसऱ्याच दिवशी प्रकरण छापायला सोडलं. पुस्तक पुढच्या सोमवारी बाहेर पडलं. त्याच सकाळी, अकरा दहाला, कुलसचिव आणि नियंत्रक दोघेही शांतपणे गेले. घरच्यांनी सुटले म्हटलं.

वडील तसेच राहिले.

मी मावशींकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"त्या दोघांचं तिनं राखलं होतं," त्या वाकून म्हणाल्या. "तुमच्या वडिलांचं कोणी राखलं?"

रुग्णालयात तपासण्यांचे निकाल एका खिडकीवर मिळतात. ती अकराला उघडते. रांगेत माझा नंबर लागेपर्यंत दहा मिनिटं जातात. आतली बाई कागद चाळते आणि म्हणते, पुढच्या सोमवारी या. हे सहा वेळा झालं.

कप अजून त्यांच्या हातात आहे. बोटं सोडवता आली नाहीत, म्हणून परिचारिकेने त्यावर बशी झाकली आहे. आज तिने बशी उचलून आत बोट बुडवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

चहा अजून गरम आहे.