दुसरा पुरवठादार

फोन आला तेव्हा ती वर्गात जायला निघाली होती.

"बाई, दोन्हीकडचा माल एकदम बिघडलाय," कारखान्याची मालकीण म्हणाली. "दोघं एकदम चुकत नाहीत, असं तुम्हीच लिहून दिलं होतं. आता या आणि काय ते सांगा."

ती औद्योगिक खरेदीवर संशोधन करत होती. कारखाने सुटे भाग कुणाकडून घेतात, किती जणांकडून घेतात आणि त्यांतल्या एखाद्याने हात वर केले तर काय होतं, हा तिचा विषय. मालकिणीच्या कारखान्यात रुग्णालयांसाठी सक्शन मशीन बनायची. शस्त्रक्रिया चालू असताना रक्त आणि पाणी ओढून घेणारी यंत्रं. त्यांत एक रबरी रिंग असते, अंगठीएवढी. ती हवा अडवून धरते. तिने हवा सोडली की यंत्र नुसतंच घरघरतं. म्हणून त्या रिंगसाठी दोन पुरवठादार ठेवा, एक मोठा आणि एक छोटा, असा सल्ला तिने दिला होता. कारखान्याने तो मानला होता.

आणि आता एका रुग्णालयात ऐन शस्त्रक्रियेत यंत्राने ओढणं सोडलं होतं. नर्सने पायाने चालवायचा जुना पंप बाहेर काढला म्हणून निभावलं. पेशंट वाचला.

ती पोचली तेव्हा निकाल जवळजवळ लागलेला होता.

"स्टोअरकीपर," खरेदीप्रमुख म्हणाला. चाळिशीचा, नीटनेटका, हळू बोलणारा माणूस. "मला वाईट वाटतंय. पण दोन वेगळ्या गावांतला माल एकत्र येतो तो फक्त स्टोअरमध्ये. दोन्ही पुरवठादार एकदम चुकणार नाहीत. मग मधलाच माणूस उरतो. चांगल्या रिंग बाहेर विकल्या आणि बाजारातल्या भरल्या. तुमच्याच नियमाने उत्तर निघतं, मॅडम."

उत्तर सुबक होतं. तिला ते आवडलं, हे तिला नंतर आठवणार होतं.

"उद्या सकाळी पोलिसांत तक्रार देणार आहे," मालकीण म्हणाली. "तोपर्यंत किल्ल्या काढून घेतल्यात. कॅन्टीनमध्ये बसवलंय."

स्टोअरकीपरला सगळे कुलूपराव म्हणत. पाणी प्यायला उठला तरी तो स्टोअर बंद करून जायचा. आज तो कॅन्टीनच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी रिकाम्या हातांनी बसला होता. आजूबाजूच्या तिन्ही बाकांवर कुणी नव्हतं. जेवायची वेळ होती. ती ताट घेऊन क्षणभर थांबली, आणि खरेदीप्रमुखाने दुसऱ्या टेबलाशी खुर्ची ओढली तेव्हा तिकडे जाऊन बसली.

कुलूपरावाने ते पाहिलं आणि मान खाली घातली.

जेवणानंतर ती त्याच्याकडे गेली.

"पिशव्या कुणी उघडल्या?"

"मीच. दुसरं कोण उघडणार?"

"एखादी न उघडलेली आहे?"

"दोन्हीकडची एकेक आहे. मोठ्याची लाल छापाची, मामांची साधी पांढरी."

"मामा कोण?"

"छोटा पुरवठादार. आपल्या खरेदीच्या साहेबांचे सख्खे मामा. ते मामा म्हणतात म्हणून सगळा कारखाना मामा म्हणतो. मीही म्हणतो. माझ्याहून फार मोठे नसले तरी."

"माल इथपर्यंत कसा येतो?"

"मोठ्याचा टेम्पोने. मामांचा साहेबांच्या गाडीत. म्हाताऱ्याला कशाला हेलपाटा, म्हणतात. माणूस चांगला आहे हो." तो थांबला. "माझ्याबद्दल असं का बोलले, तेवढं कळत नाही."

तिने दोन्ही न उघडलेल्या पिशव्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत, खरेदीप्रमुखासमोर फोडल्या. रिंग दोन पत्र्यांमध्ये दाबून गरम पाण्यात ठेवल्या. चांगलं रबर सोडलं की परत गोल होतं. या रिंग चपट्याच राहिल्या, बुडाखाली आलेल्या पावासारख्या. दोन्ही पिशव्यांतल्या.

"कच्च्या आहेत," ती म्हणाली. "साच्यात पुरेशा शिजलेल्या नाहीत. आणि पिशव्या तर बंद होत्या."

"पिशवी परत बंद करायला काय लागतं?" खरेदीप्रमुख म्हणाला. "गरम इस्त्री."

तेही खरं होतं. ती भिंगाखाली रिंग फिरवत राहिली. बाहेरच्या कडेला एक बारीक ओरखडा होता, नखाच्या कोरीसारखा. तिने लाल छापाच्या पिशवीतली रिंग उचलली. मग पांढरीतली. मग पुन्हा लाल.

"साचे कुणाचे?"

"आपलेच. एका ड्रॉइंगवरून दोन करून घेतले आणि दोघांना एकेक दिला. म्हणून माल अगदी सारखा येतो."

"मला मामांचा कारखाना पाहायचाय. आजच."

"अवश्य. मी फोन करून ठेवतो. वय झालंय त्यांचं, अचानक गेलेलं आवडत नाही."

मामांचा कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची खोली. मध्ये छोटं अंगण. अंगणात दोरीवर पांढऱ्या चादरी वाळत होत्या. एक कोपरा वाऱ्याने उडून खोलीच्या दाराला लागत होता. तिने तो हाताने बाजूला केला आणि आत शिरली.

रबर साच्यात दाबून शिजवायची प्रेस चालू होती. तापत होती. खोलीभर धूळ जळल्याचा वास होता.

"या," मामा म्हणाले. "बाळ्या, बाईंना स्टूल दे."

खरेदीप्रमुखाने स्टूल पुसून दिलं. या खोलीत तो कुणाचा साहेब नव्हता. मामी पाणी घेऊन आली. मामांनी पेला घेतला, तो दोन्ही हातांनी, आणि तरीही थोडं पाणी सांडलं.

"या वयात एवढं काम जमतं तुम्हाला?" तिने विचारलं.

"न जमायला काय झालं? अंगातच आहे."

"अंगात आहे, म्हणे," मामी दारातून म्हणाली. "शर्टाची बटणं मी लावते."

"तू आत जा गं."

मामा हसले नाहीत. बाळ्याही हसला नाही.

"एक रिंग करून दाखवता?"

मामा उठू लागले. "तुम्ही बसा, मामा," म्हणून खरेदीप्रमुखाने बाह्या सरसावल्या. त्याने रबराचा तुकडा साच्यात ठेवला, प्रेस दाबली आणि थांबला. सरावाचे हात होते. आईबाप गेल्यावर तो याच घरात वाढला होता. शाळेतून आला की मामा त्याला इथे उभं करायचे, असं तो सहज सांगत होता. वेळ झाल्यावर त्याने साचा उघडला. रिंग काळीभोर, टणक, सुंदर निघाली.

"ही ठेवू का मी?" तिने विचारलं.

"ठेवा की," मामा म्हणाले. पण बोलताना ते रिंगकडे पाहत नव्हते, भाच्याकडे पाहत होते. आणि भाचा जमिनीकडे.

परतताना गाडीत तिने ती रिंग मुठीत धरून ठेवली.

संध्याकाळी तिने मालकिणीला सांगून कुलूपरावालाही खोलीत बोलावलं. टेबलावर पांढरा कागद पसरला आणि त्यावर तीन रिंग ठेवल्या.

"ही मोठ्या पुरवठादाराच्या पिशवीतली. ही मामांच्या पिशवीतली. आणि ही मामांच्या साच्यातून आज माझ्यासमोर निघाली. भिंगातून बघा."

मालकिणीने पाहिलं. "पहिल्या दोन्हींवर ओरखडा आहे. तिसरी साफ आहे."

"ड्रॉइंग एक असलं तरी ओरखडा ड्रॉइंगमध्ये नसतो. साचा साफ करताना कुणाच्या तरी हातून अवजार लागतं, आणि मग त्या साच्यातल्या प्रत्येक रिंगवर तो उमटतो. दोन्ही पिशव्यांतल्या रिंग एकाच साच्यातून आल्यात. तो साचा मामांचा नाही. म्हणजे मोठ्याचा. आणि तो साचा कारखान्याचा आहे, तेव्हा बाजारात अशी रिंग मिळणारच नाही. बाजारातला माल भरल्याची गोष्ट इथेच संपली."

खरेदीप्रमुख शांतपणे म्हणाला, "यानेच मामांच्या चांगल्या रिंग काढून मोठ्याच्या भरल्या असतील."

कुलूपराव खुर्चीत हलला.

"हो, तसंही होऊ शकलं असतं," ती म्हणाली. "मामांनी रिंग केल्या असत्या तर. रबरात काजळी मिसळतात, तिनेच ते काळं होतं. जिथे रोज काजळी चाळतात तिथे दाराशी पांढऱ्या चादरी कुणी वाळत घालत नाही. घरची बाई तर नाहीच नाही. मी चादर हाताने बाजूला केली. स्वच्छ होती. माझा हातही स्वच्छ राहिला. रबर शिजायला त्यात गंधक घालतात, म्हणून चालत्या प्रेसच्या खोलीला गंधकाचा वास येतो. तिथे येत होता धूळ जळल्याचा. खूप दिवस बंद असलेली प्रेस तापवली की येतो तसा. ती आज माझ्यासाठी तापवली होती, कारण फोन आधी गेला होता."

तिने मामांच्या पिशवीतली रिंग पुढे सरकवली.

"मामांचे हात थरथरतात. त्यांना बटण लावता येत नाही, साचा कसा बंद करतील? त्यांचं काम कधीच थांबलंय. तरी त्यांच्या नावाची पिशवी येत राहिली. मोठ्या पुरवठादाराकडे एकच साचा. मागणी मात्र दोघांची त्याच्यावर पडली. तेवढ्याच वेळात दुप्पट माल काढायचा तर एकच उपाय. रिंग शिजायच्या आत साचा उघडायचा. म्हणून माल कच्चा निघाला, आणि म्हणून दोन्ही पिशव्या एकदम बिघडल्या. चुकले दोघं नाहीत. एकच चुकला, दोन नावांनी."

"पण त्या पिशव्या तिथून इथे आणल्या कुणी?" मालकीण म्हणाली. तिने विचारलं, पण उत्तर तिला कळलेलं दिसत होतं.

"मामांचा माल एकाच गाडीने येतो. मोठ्या पुरवठादाराला फोन लावा आणि एवढंच विचारा, पांढऱ्या पिशव्या कुणी मागितल्या."

मालकिणीने फोन हातात घेतला.

"नको," खरेदीप्रमुख म्हणाला.

त्याने टेबलावरची तिसरी रिंग उचलली. मग बोलू लागला तेव्हा आवाज मामांच्या घरातला होता, बाळ्याचा.

"आजारातून उठले आणि हात गेले. काही दिवसांत बरे होतील म्हणून मी मोठ्याकडून माल घेतला. त्याला सांगितलं, मामा आजारी आहेत, थोडे दिवस सांभाळून घे. हात काही बरे झाले नाहीत. तुमचं नाव काढून टाकतो, हे त्यांना सांगायचं कसं? मला त्यांनी वाढवलं. रोज विचारतात, माल पसंत पडतोय ना? काय बोलू?"

"मामांना माहीत होतं?" मालकिणीने विचारलं.

"आज कळलं. प्रेस तापवून ठेवा म्हणून फोन केला तेव्हा. तोपर्यंत त्यांना वाटत होतं, मी संध्याकाळी बाहेरच्या एका प्रेसवर स्वतः उभं राहून त्यांचा माल करून देतो."

"हे सगळं समजू शकते मी," मालकीण म्हणाली. "त्या रुग्णालयात काय होणार होतं, ते सोडून."

"माल कच्चा येईल असं मला वाटलं नव्हतं. खरंच."

"आणि याचं काय?" मालकिणीने कुलूपरावाकडे हात केला. "याच्याबद्दल बोललात तेव्हा तर सगळं माहीत होतं ना?"

खरेदीप्रमुखाने दोन्ही हात तोंडावर घेतले. हाताआडून शब्द आला, तो कसाबसा ऐकू आला.

"होतं."

संशोधक बाईने रिंग गोळा करायला घेतल्या. काहीतरी करायला हवं होतं म्हणून. "मीही तिथे कधी गेले नव्हते," ती म्हणाली. "दोन नावं पाहिली आणि दोन पुरवठादार मोजले. आत प्रेस चालते का, हे पाहिलंच नाही. दोघं एकदम चुकत नाहीत, हे माझं वाक्य. त्याच वाक्याने याला इथे बसवलं."

मालकिणीने खणातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि कुलूपरावासमोर सरकवला. "झालं ते झालं. उद्यापासून कामावर या."

त्याने किल्ल्यांना हात लावला नाही.

"इथे नको," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"घेतल्या तेव्हा सगळ्यांसमोर घेतल्या. साहेबांनी कमरेच्या पट्ट्यावरून काढल्या. मग द्यायच्याही तशाच. उद्या, जेवणाच्या सुट्टीत. आणि साहेबांनीच."

दुसऱ्या दिवशी मोठ्या पुरवठादाराचा माल परत गेला आणि रुग्णालयांतली यंत्रं माघारी बोलावली गेली. कारखान्याचं काम बंद पडलं. पण जेवणाची सुट्टी झाली, आणि कॅन्टीन भरलं.

खरेदीप्रमुख दारातून आत आला तेव्हा राजीनामा देऊन झाला होता. त्याच्या हातात किल्ल्या होत्या. दारापासून कोपऱ्यातल्या टेबलापर्यंत तो चालत गेला. बोलणं थांबलं, मग भांड्यांचाही आवाज थांबला, आणि किल्ल्या एकमेकींवर वाजत होत्या तेवढ्याच ऐकू येत राहिल्या.

"यांनी काही केलं नव्हतं," तो म्हणाला. त्याला मोठ्याने म्हणायचं होतं, पण जमलं नाही. त्याने पुन्हा म्हटलं. "यांनी काही केलं नव्हतं. मी खोटं बोललो."

कुलूपरावाने किल्ल्या घेतल्या, एकेक बोटाने चाचपून पाहिली आणि पट्ट्याला अडकवल्या. आभार मानले नाहीत. खरेदीप्रमुख वळला आणि आला तसाच सगळ्यांमधून परत गेला.

ती ताट घेऊन उभी होती. कोपऱ्यातले तिन्ही बाक अजून रिकामेच होते. काल तिथून उठून गेलेल्यांना आज परत यायची लाज वाटत असावी. ती चालत गेली आणि त्याच्यासमोर बसली.

कुलूपरावाने वर पाहिलं. "बाई, तुमची जागा तिकडे असते ना?"

"काल तिकडे बसले होते," ती म्हणाली.

"बघितलं मी."

तिने भाकरीचा तुकडा मोडला. तो हातातच राहिला. त्याने ते पाहिलं, आणि पाण्याचा जग तिच्याकडे सरकवला.