पाचव्या बंगल्याचं पाणी

"अहो, पाणी झाडांना घाला की, मला कशाला?"

शिवानीने दचकून वर पाहिलं. टँकरचा पाइप तिच्या हातून निसटून भलतीकडेच वळला होता आणि फाटकात एक तरुण ऑफिसच्या कपड्यांत नखशिखान्त भिजून उभा होता. रागवायचं सोडून तो हसत होता… आणि तिथेच सगळं बिघडलं.

उपवन तलावाकाठच्या पाच बंगल्यांच्या बागा शिवानीकडे होत्या. हाताखालच्या बायकांना घेऊन ती रोज सकाळी कळव्याहून यायची. पाचवा बंगला अनिमेषचा, म्हणजे त्याच्या वडिलांचा, अण्णांचा. त्या भिजण्यानंतर अनिमेषला बागकामाची भलतीच गोडी लागली. मोगरा का सुकतो, हिरवळ पिवळी का पडते, असले प्रश्न घेऊन तो चहाचा कप सांभाळत तिच्या मागेमागे फिरायचा. उत्तरांकडे मात्र त्याचं लक्ष नसायचं.

"मॅडम, साहेबांना हिरवळ नकोय, माळीण हवीये," तिच्या हाताखालची कांता म्हणाली. शिवानीने तिला दटावलं खरं, पण कान लाल व्हायचे ते झालेच.

मे उजाडला आणि तलाव काठ सोडून आत आत सरकत गेला. पाणीकपात लागली. पाची बागांत मिळून एक टँकर, तोही दिवसाआड. चार बंगले उरकून शिवानी अनिमेषच्या फाटकाशी पोचायची तेव्हा टँकरचा तळ दिसायला लागलेला असायचा. त्याने हौसेने लावलेला सोनचाफा मान टाकू लागला. तो त्याबद्दल काही बोलला नाही. एका सकाळी मात्र त्याने विचारलं,

"डोंबिवलीच्या आत्याने स्थळ आणलंय. अण्णा मागे लागलेत. काय सांगू त्यांना?"

तिला 'नाही म्हण' एवढंच सांगायचं होतं… पण मागे बायका कान टवकारून उभ्या होत्या, टँकरवाला हॉर्न वाजवत होता.

"पाऊस तर पडू दे रे," ती हसून म्हणाली. "सध्या मरायला फुरसत नाही. मग बोलू."

"थांबायचं तर थांबेन… पण काही दिसू तर दे मला."

आणखी काय दिसायला हवं, असं तिला वाटलं. प्रेमात पडलं की हे असंच होतं. आपल्या मनातलं जगाला दिसतंय असं वाटतं आणि ज्याला दिसायला हवं तोच नेमका आंधळा निघतो.

जूनही कोरडाच गेला. सोनचाफा वाळून काटकी झाला. तो उपटायला ती वाकली, तेव्हा अनिमेष बाहेर आला.

"मी होकार कळवला, शिवानी. रविवारी."

"का?" तिच्या तोंडून एवढंच निघालं.

"रोज बघत होतो ना. सगळ्यांची घरं झाली की मग तू माझ्याकडे यायचीस. एकदा तरी आधी येशील असं वाटायचं… तेवढ्यावर मी अण्णांना नाही म्हणालो असतो."

तिला हसावं की रडावं कळेना.

"अरे, पंगतीला आधी पाहुणे बसतात. घरचे शेवटी. जे उरेल ते गोड मानायचं. ती चार गिऱ्हाइकं होती रे माझी. आणि तू…"

अनिमेष तिच्याकडे बघतच राहिला. "हे सांगायचं नाही का?"

"घरच्यांना सांगावं लागतं?"

"लागतं गं," तो अगदी हळू म्हणाला. "सांगावंच लागतं."

मुलगी कशी आहे, तिने विचारलं. चांगली आहे, तो म्हणाला, अण्णांच्या गुडघ्याची आठवणीने चौकशी करते. मग 'दिलेला शब्द मोड' म्हणायला तिची जीभ रेटेना. पण गप्पही राहवेना.

"मला तू आवडतोस, अनिमेष," ती म्हणाली. सगळ्या बायकांसमोर. महिनाभर ज्याला फुरसत नव्हती, ते सांगायला एक श्वाससुद्धा पुरता लागला नाही.

त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तोच आतून अण्णांनी बाहेर कोण आलंय म्हणून हाक मारली.

अनिमेष क्षणभर घुटमळला.

"कोणी नाही, अण्णा," तो म्हणाला. "बागेचं काम करणाऱ्या आल्यात."