पुन्हा एकदा मोजू

"थांबा! आत पाऊल टाकू नका!"

जिना चढता चढता ती ओरडली, तेव्हा त्याचा एक पाय लिफ्टमध्ये होता. दचकून त्याने तो मागे घेतला. लिफ्टमध्ये द्रव हेलियमचं पिंप एकटंच उभं होतं, पांढरी वाफ सोडत.

"याच्याबरोबर कुणी जात नाही," ती धापा टाकत म्हणाली. "गळलं तर श्वास घ्यायला हवा उरत नाही. त्याला एकटं पाठवायचं, आणि आपण जिन्याने धावायचं."

"रोज धावता?"

"हेलियम येईल त्या दिवशी."

"मग आज आलं हे बरंच झालं…" तो बोलून गेला आणि कानापर्यंत लाल झाला.

दुसऱ्या संस्थेतून तो तिच्याच प्रयोगशाळेत आला होता. त्याच्या डबीत तिळाएवढा काळा स्फटिक होता, भट्टीशी महिनोन्महिने बसून वाढवलेला. कमालीच्या गारठ्यात त्यातून वीज विनाअडथळा वाहू लागे आणि बाहेरच्या लहरींना मात्र तो वरच्या वर थोपवून धरी. तिने स्फटिकावर मायक्रोवेव्ह लहरी सोडायच्या आणि त्या किती खोल शिरतात ते मोजायचं. आलेखाची रेघ सरळ आली, तर स्फटिक शुद्ध. तळाशी वाकली, तर भेसळ. शुद्ध ठरला, तर दूर देशातली मोठी नोकरी त्याच्या हातात होती.

"यातले इलेक्ट्रॉन शेकडो पट जड का होतात, सांगा बघू," स्फटिक चिमट्यात धरत तिने मुद्दाम विचारलं. तिला ते पाठ होतं.

"संगतीमुळे. शेजारचे अणू त्यांना सहजी पुढे जाऊच देत नाहीत."

"भारी चिकट शेजारी!"

"शेजार चांगला असेल, तर निघायची घाई कुणाला असते?"

तिने चिमटा खाली ठेवला. क्षणाने तोच पुन्हा उचलून तिने स्फटिक हेलियमच्या गारठ्यात सोडला.

मग पंपांची घरघर सुरू झाली आणि दोघं पडद्यासमोर बसून राहिले. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही. एकेक ठिपका उमटत गेला. रेघ सरळ आली… सुतासारखी सरळ.

आता हा जाणार.

"पंपाची थरथर आली असेल," ती खिडकीकडे बघत म्हणाली. "पुन्हा एकदा मोजू?"

"हो हो! मलाही तसंच वाटलं," तो लगेच म्हणाला.

पुन्हा मोजलं. मग तार बदलून मोजलं. मग स्फटिक फिरवून. दर वेळी रेघ सरळच! तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. चहा निवून जाई, पेन्सिली चावून चावून संपल्या. घरी ताईने तिला दारातच अडवलं.

"शर्ट उलटा घातलायस. कोण आहे तो?"

"स्फटिक आणलाय त्याने…"

"मी स्फटिकाबद्दल विचारलं का?"

शेवटी हेलियम भरून देणारे काका कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "हेलियम म्हणजे काय नळाचं पाणी आहे? आता थेंब मिळणार नाही!"

काका गेले. पंप बंद झाले होते. एवढी शांतता त्या खोलीत तिने कधी ऐकली नव्हती. उद्यापर्यंत निकाल गेला नाही, तर ती नोकरी दुसऱ्या कुणाला मिळणार होती.

"ऐक," ती म्हणाली. "पहिलंच मोजमाप बरोबर होतं. तुझा स्फटिक एकदम शुद्ध आहे. मी… उगाच शंका काढली. तू रागाव हवं तर."

त्याने स्फटिकाची डबी उचलून हातात घेतली. तिला वाटलं, संपलं सगळं.

"मला माहीत होतं," तो हळूच म्हणाला. "सरळ रेघ मलाही दिसते की!"

"मग बोलला का नाहीस?"

"तू 'पुन्हा' म्हणालीस… मला वाटलं, आणखी थोडे दिवस मिळाले."

तिला हसू आलं आणि रडूही. तिने खुर्ची पुढे ओढली, आलेख जोडून त्याचा निकाल नोकरी देणाऱ्यांना पाठवून दिला. तो बघतच राहिला.

"मला घालवून देतेयस?"

"चांगलं काम केलंयस. ते माझ्यामुळे वाया गेलं, तर मी तुला तोंड कसं दाखवू?"

"तिथे मोजमाप करणारंही माणूस हवंय त्यांना," तो डबीच्या झाकणाची उगाच उघडझाप करत म्हणाला. "म्हणजे… मी चौकशी केली होती. परवाच."

"हे आमंत्रण आहे की जाहिरात?"

"घाबरत घाबरत विचारतोय."

"मग नीट विचार ना!"

त्याने डबी टेबलावर ठेवली, तिचा गार पडलेला हात दोन्ही हातांत घेतला आणि नीट विचारलं. ती "हो" म्हणाली तेव्हा रिकामं पिंप न्यायला आलेले काका दार ठोठावत होते. दोघांपैकी कुणीच उठलं नाही.