नारदाला दार का उघडेना?

तुंबर नावाच्या संगणकाला कोठाराचं दार चटकन उघडत होतं आणि नारद नावाच्या संगणकाला काही केल्या उघडत नव्हतं. दोघं एकाच वसाहतीतले, दोघांनाही परवानगी दिलेली. मग हा दुजाभाव का?

चंद्रावरच्या सोमवाडीत त्या संध्याकाळी नव्या घुमटाखाली उत्सवाचं कीर्तन होतं. करणार होती मैथिली, आणि तेही आयुष्यात पहिल्यांदा! नऊवारी नेसून, चिपळ्या घेऊन ती तयार होती. अडलं होतं तबल्यापाशी. साथ करणारे दिगंबरकाका राहतात पृथ्वीवर, चिपळूणला. मैथिलीचा सूर तिथे पोचून काकांची थाप परत यायला अडीच सेकंद लागतात. तोवर ताल कुठल्या कुठे निघून जायचा! म्हणून काकांनी साथ आधीच वाजवून पाठवली होती. ती ठेवली होती कोठारात, म्हणजे वसाहतीच्या फाइल सर्व्हरवर (सगळ्यांच्या फायली सांभाळून मागेल त्याला देणारा संगणक). घुमटातले ध्वनिवर्धक जोडले होते नारदाला. आणि कोठार नारदाला सारखं बजावत होतं, ‘तुम्हाला प्रवेश नाही.’

“आजोबा, तुंबरवरून लावू या ना! तिथे उघडतंय,” मैथिली रडवेली होऊन म्हणाली.

“तुंबर स्वयंपाकघरात आहे. श्रोत्यांना काय पिठल्याच्या पातेल्याभोवती बसवू?” भास्करआजोबा हसले. वसाहतीचं नेटवर्क (संगणकांना एकमेकांशी जोडणारं जाळं) त्यांनीच उभारलं होतं. “रडायचं नंतर. आधी सांग, कोठार नारदाला ओळखतं कसं?”

“नावानं. परवानगी त्या नावाला दिलीय.”

“अगं, नावं आपल्या सोयीसाठी. जाळ्यात संगणक एकमेकांना क्रमांकांनी ओळखतात. निरोप येतो तो पाठवणाऱ्याच्या क्रमांकासकट. मग ‘नारद’ म्हणजे कोणता क्रमांक, हे कोठाराला शोधावं लागतं. याला म्हणायचं नामनिश्चिती (नावावरून क्रमांक शोधणं).”

“शोधतं कुठे?”

“आधी स्वतःजवळच्या तक्त्यात. तिथे नाही सापडलं, तर नामसेवकाला विचारतं (साऱ्या वसाहतीची नावं आणि त्यांचे ताजे क्रमांक ठेवणारा संगणक). हा क्रम मीच लावून दिलाय.”

“आणि तक्त्यात सापडलं तर?”

“मग पुढे विचारायचंच नाही. उत्तर मिळालं की!”

“ते शिळं असलं तरी?”

आजोबा म्हणाले, “पण तक्ता तर कोरा आहे. नामसेवक आला तेव्हाच मी झिपऱ्याला सगळ्या ओळी पुसायला सांगितल्या. पुसल्यास ना रे?”

झिपऱ्या म्हणजे घरचा यंत्रमानव. डोक्यावरून वायरी लोंबतात म्हणून हे नाव. त्यानं हातातली बुक्क्याची वाटी खाली ठेवली. “पुसल्या, अप्पा... एक सोडून. तुंबर पुसला, यमुना पुसली. पण नारद म्हणजे देवर्षी! उत्सव तोंडावर आलेला, त्यांचं नाव कसं पुसू? पाप नाही का लागणार?”

“यंत्राला कसलं रे पाप?”

“तुम्हीच रोज कीर्तनाला नेऊन बसवता. मग लागणारच!”

मैथिलीचे डोळे चमकले. “आजोबा, नवा घुमट झाला आणि नारद इकडे आला, तेव्हा त्याला नवा क्रमांक मिळाला असणार! तक्त्यात मात्र जुनाच. म्हणून कोठार म्हणतंय, तू कसला नारद? आमचा नारद तर जुन्या सभागृहात असतो!”

“शाबास गं पोरी! झिपऱ्या, पूस ती ओळ.”

“नाही अप्पा. दुसरं काहीही सांगा.”

घुमटात श्रोते जमले होते. चुळबुळ ऐकू येत होती. मैथिलीनं क्षणभर विचार केला. “आजोबा, ‘ही ओळ वाचू नकोस’ अशी खूण ओळीच्या आधी करता येते ना?”

“येते की!”

तिनं खूण केली. “बघ झिपऱ्या, देवर्षींचं नाव जिथल्या तिथे आहे. कोठार फक्त ती ओळ ओलांडून पुढे जाईल.”

झिपऱ्यानं पडद्याला हात जोडले. “आता हरकत नाही, ताई.”

आजोबांनी कोठाराला परवानग्या नव्यानं तपासायला सांगितल्या. त्यानं तक्ता पाहिला. नारद नाही. त्यानं नामसेवकाला विचारलं, ताजा क्रमांक मिळाला, आणि दार उघडलं! घुमटात दिगंबरकाकांची थाप अशी घुमली की पुढच्या रांगेतली चिमुरडी दचकून आईला बिलगली.

झिपऱ्यानं बुक्का लावला आणि मैथिली उभी राहिली. पहिल्या ओळीला आवाज जरा कापला. दुसरीला समेवर आला आणि तिसरीला साऱ्या घुमटानं टाळी धरली. पूर्वरंगात दृष्टांत म्हणून तिनं नारदाचीच फजिती सांगितली, तेव्हा तर मंडळी पोट धरून हसली.

मध्यंतरात विवराच्या पलीकडे नवी वसाहत बांधणाऱ्या एक मावशी पुढे आल्या. “पुढच्या वर्षी आमच्याकडे करशील का गं कीर्तन? पण हा नारद तिकडे न्यायचा, म्हणजे त्याचा क्रमांक पुन्हा बदलणार!”

“बदलू दे की, मावशी,” मैथिली चिपळ्या उचलत म्हणाली. “नामसेवकाला तेवढं कळवा. मंगळावर नेलात तरी नारद सापडेल. मग तुम्ही फक्त टाळी धरायला या!”