चकती शून्यावर

कॅमेऱ्याला डोळा लावला आणि बूटवालीच्या कपाळावर आठी उमटली. समोरचे काळेभोर बूट राखेत लोळून आल्यासारखे दिसत होते. मिररलेस कॅमेऱ्याची हीच गंमत — फोटो बिघडणार की साधणार, ते बटण दाबायच्या आधीच दाखवून टाकतो. तिने उजेड कमीजास्त करायची चकती पाहिली. अधिक एकवर.

दुकान चार मजली, पण कॅटलॉगसाठी कॅमेरा एकच. सकाळी दुसऱ्या मजल्यावर कपबशांचे फोटो, दुपारी तळघरात बुटांचे. वरच्या नव्या माणसाला सगळे बशीवाला म्हणत. तिने त्याला अजून पाहिलंही नव्हतं. ती तडक जिना चढून गेली.

तो खिडकीपाशी बशा कागदात गुंडाळत होता. "अहो, काम झालं की चकती शून्यावर आणून ठेवायची असते," ती म्हणाली.

तो ओशाळला. "या कॅमेऱ्याला सगळं जग राखाडी हवं असतं. पांढरी बशी दिली की मळकी करतो. म्हणून माझं अधिक एक."

"आणि काळा बूट दिला की पांढुरका करतो. म्हणून माझं उणे एक."

"म्हणजे आपलं दोघांचं मिळून शून्यच की..."

तिने हसू जिन्यापर्यंत दाबून धरलं.

दुसऱ्या दिवशी चकती पुन्हा अधिकवर. तिसऱ्या दिवशीही. मग रोज दुपारी वर जाऊन त्याला बोल लावणं हा तिचा नेमच झाला. जवळच्या लेन्सने बशीची कड फुगते, लांबची लावा, असं तिने सुनावलं. त्याने लगेच लावली. खोलीवर तिच्याशी भांडायला कोणी नव्हतं. आई रविवारी फोन करून जेवलीस का विचारायची, दादा-वहिनी त्यांच्या संसारात. आणि तळघरातले बूट... तेसुद्धा जोडीने बसलेले.

एकदा त्याने खिडकीपाशी तिचाच फोटो घेतला. उजेड पाठीमागे, म्हणून चेहरा काळवंडला. अधिक दीड करा, तिनेच सांगितलं. तो पार भिंतीला टेकून उभा होता.

"इतक्या लांबून?"

"ही लेन्स लांबचीच. दुसरी लावली तर... जवळ यावं लागेल."

तो आला नाही. तिनेही बोलावलं नाही.

तीन महिन्यांनी, एका शुक्रवारी, त्याने सांगितलं की कपबशा संपल्या. उद्या शेवटचा दिवस, मग दुसऱ्या गावी काम. सांगून तो तिच्याकडे बघत राहिला. ती "बरं" म्हणाली आणि खाली आली. रात्रभर तो एक शब्द तिला टोचत राहिला.

शनिवारी कॅमेरा टेबलावर होता. चकती शून्यावर.

ती त्या शून्याकडे बघत बसली. एकेक बशी तीनतीनदा पुसणारा माणूस रोज चकती विसरेल? आज वर जाण्याचं कारणच त्याने काढून घेतलं होतं... तिच्या त्या "बरं"मुळे. तिने जवळची लेन्स चढवली आणि जिना गाठला.

तो शेवटच्या खोक्याला पट्टी लावत होता.

"चकती शून्यावर का ठेवलीत?"

"शून्यावरच ठेवायची असते ना?"

"मग मी भांडायला कशाच्या जोरावर येऊ? रोज मुद्दाम करत होतात ना?"

"रोज नाही. पहिल्या दिवशी खरंच विसरलो होतो."

"उभे राहा खिडकीपाशी," ती म्हणाली. एक पाऊल पुढे गेली, मग आणखी एक. कॅमेऱ्यात त्याचा चेहरा काळोखात होता. तिने चकती फिरवली — अर्धा, एक, दीड. हळूहळू त्याचे डोळे उजळले. ते तिच्याकडेच लागले होते.

"तुमचं तर उणे असतं," तो हळूच म्हणाला.

"आज नाही." तिने कॅमेरा डोळ्यावरून काढला नाही, तसंच बोलणं सोपं होतं. "जाऊ नका म्हणत नाही मी. पण भांडायला मला दुसरं कोणी नाही."

सोमवारी वरचा मजला रिकामा होता. दुपारी तिने कॅमेऱ्याला डोळा लावला, तर काळे बूट पुन्हा राखेत लोळलेले. चकती अधिक दीडवर. तिनेच ठेवलेली. त्या बिनखिडकीच्या तळघरात ती एकटीच हसली, डोळे पुसले, तसाच फोटो काढून त्याला पाठवला आणि खाली लिहिलं, "चकती अशी कोणी ठेवली?"

उत्तर लगेच आलं. "रविवारी येतो. भांडायला."