डावा मागचा टायर

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मला कुणाला पटवत बसायचं नाहीये. पण वाचून झाल्यावर "भास झाला असेल हो" असलं खाली लिहू नका. माझं डोकं आधीच फिरलेलं आहे.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. रविवार होता. दुपार कलत आली होती, पण ऊन लख्ख होतं.

मी मोबाईल टॉवरच्या देखभालीचं काम करते. आमचा एक टॉवर वाळूच्या पट्ट्यापलीकडे, तळ्याकाठी आहे. डांबरी रस्ता संपला की पुढे नुसती वाळू. तो टॉवर बंद पडला म्हणून मी निघाले होते. माझी थोरली बहीण आणि दाजी तेव्हा माझ्याकडे राहायला आले होते. ताईच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, घरात बसून कंटाळली होती बिचारी. तळं बघायचंच म्हणून हटून बसली.

डांबर संपलं तिथे मी जीप थांबवली आणि टायरची हवा सोडायला घेतली.

"अगं मिरची, चांगली भरलेली हवा सोडतेस कशाला?" दाजी मला मिरचीच म्हणतात. का, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

"फुगलेला टायर वाळूत रुततो, दाजी. हवा कमी केली की तो पसरतो आणि वरच्यावर निघून जातो. बत्तीसची अठरा करायची. परत डांबरावर आलो की पुन्हा बत्तीस, नाहीतर वेगात तापून फुटेल."

"आधी सोडायची, मग भरायची. झकास धंदा आहे तुझा."

मी गेज लावून चारही टायर मोजले. सगळीकडे अठरा. डाव्या मागच्या टायरचं टोपण बसवत मी खाली उकिडवी बसले होते. ते दोघं पुढे बॉनेटपाशी पाणी पीत उभे होते.

तेवढ्यात माझ्या डोक्यावर मागचं दार उघडलं... आणि लागलं.

कुणी आत बसलं की गाडी जराशी दबते ना, तशी दबली.

"ताई, बसलीस का गं?" मी ओरडले.

"नाही, इथेच आहे की," ताई पुढून म्हणाली.

वाऱ्याने झालं असेल म्हटलं... पण वारा नव्हता.

आम्ही निघालो. दाजी माझ्या शेजारी. ताई माझ्या मागे. तिच्या डावीकडे माझी हत्यारांची बॅग. बाकी कुणी नाही. हे नीट लक्षात ठेवा.

"छोटे, सरळ चालव ना. मी सारखी दाराकडे सरकतेय."

"सरळच चालवतेय. बेल्ट लाव तू."

थोडा वेळ गेला.

"ही तुझी बॅग माझ्या अंगावर येतेय का?"

मी आरशात पाहिलं. बॅग खाली, पायाशी पडली होती. सीट रिकामी होती.

मग... खट्.

ताईकडचं दार सताड उघडलं. ताई कमरेपासून बाहेर फेकली गेली. बेल्टने धरलं म्हणून वाचली, नाहीतर डोकं मागच्या चाकाखालीच गेलं असतं. मी करकचून ब्रेक मारला. दाजींनी धावत जाऊन तिला उतरवलं. ताई पांढरीफटक पडली होती.

"मला ढकललं," ती म्हणाली.

"कुणी गं?" दाजी हसायला गेले. हसू काही आलं नाही. त्या दाराचं लॉक त्यांनी स्वतःच्या हाताने लावलं होतं.

मी गाडीभोवती फिरून आले. डावा मागचा टायर पार बसलेला. बाकीचे तीन ठीक.

"हवा गेली," दाजी म्हणाले. "भर."

मी गेज लावलं. अठरा. डब्यात दुसरं गेज होतं, ते लावलं. अठराच. खाली वाकून स्प्रिंग पाहिली. धड होती.

आता हे नीट ऐका. टायरवर कितीही वजन आलं तरी गेजवरचा आकडा फारसा हलत नाही. टायर मात्र दबतो. म्हणजे आकडा बरोबर आणि टायर बसलेला, तर अर्थ एकच... वर वजन आहे.

पण आम्ही तिघंही खाली उभे होतो. बॅगसुद्धा मी बाहेर काढली.

टायर तसाच दबलेला.

"गेज बिघडलंय गं तुझं! डोळ्यांना दिसतंय ना? भर हवा!" दाजींचा आवाज चढला होता. घाबरले की ते माणसावर ओरडतात.

"घ्या, भरते! एकदाचं समाधान होऊ दे तुमचं!" मीही भडकले. कॉम्प्रेसर लावला. त्या टायरात पार बत्तीस हवा मारली. टायर तसूभरही उचलला नाही. तरी मी रागाच्या भरात एकटी स्टिअरिंगवर बसले आणि गाडी पुढे काढायला गेले. व्हायचं तेच झालं. कडक टायर वाळूत जागच्या जागी फिरला आणि रुतला.

मी इंजिन बंद केलं.

मागच्या सीटची स्प्रिंग कुरकुरली...

आरशात बघायचं नव्हतं मला. तरी पाहिलं. सीट रिकामी होती, पण डावीकडचा फोम खोल दाबला गेला होता. आणि माझ्या पाठीत सीटमागून धक्का बसला. शेजारच्या सीटवरून तिरकी लाथ मारतात तसा. मुद्दाम.

मी कशी बाहेर पडले ते आठवत नाही.

फोन लावावा तर रेंज नाही. असणार कशी? तीच तर दुरुस्त करायला निघाले होते. चालत परत जायचं तर ताईला शंभर पावलंही जमली नसती. ऊन अजून रणरणतं, पाण्याची एक बाटली. गाडीशिवाय गत्यंतर नव्हतं.

मी परत त्या टायरपाशी बसले. व्हॉल्व्ह दाबला. फुस्स... मोजत मोजत अठरावर आणलं आणि टोपण लावलं.

फुस्स... आवाज चालूच राहिला.

टायरातून नव्हता. आतून येत होता. माझ्या कानाच्या उंचीवर, काचेच्या पलीकडून, कुणीतरी दातांतून सोडत होतं.

"दाजी, वाळू उपसा," मी म्हणाले. "काही विचारू नका."

पहिल्यांदाच त्यांनी काही विचारलं नाही. बाहेरूनच सगळे लॉक तपासून आम्ही चाकापुढची वाळू उपसली. मग दाजी मागे बसले, त्याच डाव्या सीटवर. "बघतोच कोण आहे तो हरामखोर," म्हणाले. त्यांची पाचावर धारण बसली होती, पण बसले. ताईला मी पुढे, माझ्या शेजारी घेतलं. गाडी एका झटक्यात निघाली आणि मी ती परत डांबराकडे वळवली. मागे शांत. दाजींना काही झालं नाही.

माझ्या जीवात जीव आला. तेवढ्यात स्टिअरिंग डावीकडे ओढू लागलं.

पुढचा डावा टायर दबला होता. ताईच्या खालचा.

"छोटे..." ताईला बोलताना धाप लागत होती. "माझ्या मांडीवर... जड झालंय गं. ऊठ म्हण ना त्याला."

दाराची कडी आपोआप वर-खाली होत होती. मी डाव्या हाताने ताईचा दंड धरला आणि एका हाताने गाडी हाणली. मागून दाजींनी तिला दोन्ही हातांनी सीटला आवळून धरलं. "सोड तिला! सोड!" ते रडत ओरडत होते. त्या माणसाला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. ताईचा दंड माझ्या हातातून इंच इंच सुटत होता. तिच्या दंडावर माझी नखं उमटली, पण मी सोडलं नाही.

डांबर लागलं. मी थांबले. ताईला ओढूनच उतरवलं.

ती उतरली, तसा पुढचा डावा टायर हळूच वर आला. गाडी हलकी झाली.

"गेलं," मी म्हणाले. आम्ही तिघं रस्त्यावर बसून लहान पोरांसारखे रडलो. मग मी चारही टायरात बत्तीस हवा भरली. प्रत्येक टायर नीट उभा राहिला. गाडी रिकामी होती, मी खात्रीने सांगते. घरी पोचायला मी एका ट्रकवाल्याला थांबवून ताई-दाजींना त्याच्या केबिनमध्ये बसवलं. ट्रकचे टायर केवढाले, त्यांच्यावर काय कळणार?

ते दोघं त्यांच्या गावी परतले. मी जीप विकून टाकली. विषय संपला असं मी धरून चालले होते.

मग एक दिवस दाजींचा फोन आला. त्या रविवारचं त्यांनी नावही काढलं नाही.

"मिरची, तुला टायरमधलं कळतं म्हणून विचारतो. आमच्या गाडीचा एकच टायर सारखा बसतोय. तुझ्या ताईच्या बाजूचा. पंक्चरवाला म्हणतो हवा बरोबर आहे. ती उतरली की ठीक होतो. काय भानगड असेल?"

मी फोन ठेवला. तडक त्यांच्या घरी गेले.

ताई सोफ्यावर बसली होती. तीन माणसांचा सोफा. ही अगदी टोकाला, अर्धी बाहेर, दुखऱ्या पायावर भार देऊन. वाळली होती खूप. हसली मला बघून.

"अगं ताई, पडशील ना," मी म्हणाले. "नीट आत सरकून बस की."

तिने शेजारी पाहिलं. मग माझ्याकडे.

"सरकू कुठे?" ती हळूच म्हणाली.