शेवटच्या माणसाने लावायचं फाटक

रविवारी सकाळी चर्चमागच्या मोकळ्या जागेत सायकली जमल्या की आधी नुसती कुरकुर चालायची. कोणाचा गुडघा, कोणाची चेन, कोणाची बायको. मग नाइजेल ओरडायचा, "चला रे, का इथेच म्हातारं व्हायचंय?" आणि सगळे निघायचे. नाइजेल पुढे असायचा, कारण वाटा त्याला पाठ होत्या आणि घसाही त्याचाच मोठा होता.

इंग्लंडातल्या श्रॉपशरच्या त्या टेकड्या तशा गरीब स्वभावाच्या. जीव जाईल असा चढ नाही, मान मोडेल असा उतार नाही. जुन्या घोडवाटा, काटेरी झुडपांची कुंपणं, मेंढ्यांची कुरणं, आणि कुरणागणिक एक फाटक. शेतकरी आपल्या जमिनीतून सायकली जाऊ देत होते ते एका बोलीवर. शेवटच्या माणसाने फाटक लावायचं, कडी ओढून बघायची आणि हाक द्यायची, "कडी लागली!" ती हाक ऐकल्याशिवाय पुढच्याने पेडल मारायचं नाही.

ती हाक वर्षानुवर्षं क्लेम ग्विलियम यांची होती. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला माणूस. मुलं मोजायची सवय गेली नव्हती म्हणून मागे राहायचे. त्यांच्या सायकलीचा मागचा ब्रेक कुईकुई करायचा आणि कितीही तेल घातलं तरी गप्प बसायचा नाही. आता शेवटी असायची जिल बेडोज. गुरांच्या डॉक्टरकडे काउंटरवर बसणारी, चाळिशी उलटलेली, डोकं ठिकाणावर असलेली बाई. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की ती उठून चहा आणायला जाई.

म्हणून ऑक्टोबरातल्या त्या रविवारी एक फाटक तिच्यामागे आपोआप लागलं तेव्हा तिने विशेष मनावर घेतलं नाही. उतारावरची फाटकं लागतात आपोआप. दुसरंही लागलं. वारा असेल. तिसरं फाटक मात्र रॉजर प्रीस या शेतकऱ्याच्या कुरणाचं होतं.

ते फाटक बिजागरीतून लोंबकळलेलं होतं. खालची फळी चिखलात रुतायची. खांदा लावून उचललं आणि ढकललं, तरच कडी बसायची. जिल त्यातून बाहेर गावरस्त्याच्या अरुंद गल्लीत आली, सायकल कुंपणाला टेकवायला वळली आणि मागे लाकूड घासल्याचा आवाज झाला. मग खट्.

तिने वळून पाहिलं. फाटक बंद होतं. चिखलात फळीची ताजी रेघ उमटली होती.

पुढच्या वळणावर नाइजेल हसत म्हणाला, "काय गं जिल, हाक अगदी क्लेमसारखी द्यायला लागलीस! क्षणभर दचकलोच मी."

जिलने हाक दिलीच नव्हती. "घसा बसलाय जरा," ती म्हणाली आणि हातमोजे उगाच नीट करत राहिली.

ती हादरली होती, पण भुताच्या भीतीने नव्हे. ते फाटक, नेमकं तेच फाटक, तिला माहीत होतं.

वसंत ऋतूत, मेंढ्या गाभण असताना, क्लेम याच फाटकाशी थांबले होते. "क्लेम, तुम्ही व्हा पुढे, मी लावते," असं जिलनेच म्हटलं होतं. तेवढ्यात फोन वाजला. बहीण होती, नेहमीची रड होती. बोलता बोलता जिल फाटक न लावताच सायकल ढकलत निघाली, आणि पुढे होऊन वाट बघणाऱ्या क्लेमना तिने हात हलवून खूण केली, झालं म्हणून. क्लेमनी आपली हाक दिली. मेंढ्या गल्लीत आल्या, वळणावरून दुधाचा टँकर आला. प्रीसच्या कितीतरी मेंढ्या गेल्या, पोटातल्या कोकरांसकट. त्यांना वळवायला धावलेली कुत्रीही गेली.

संध्याकाळी प्रीस पबमध्ये आला तेव्हा रागावलेलाही नव्हता. नुसता उभा राहिला. "कोण होतं शेवटी?" त्याने विचारलं. सगळ्यांची तोंडं क्लेमकडे वळली. क्लेमनी ग्लास खाली ठेवला.

"मीच असणार," ते म्हणाले. "नेहमी मीच असतो. पण रॉजर, मला लावल्याचं आठवतच नाही रे."

जिलच्या तोंडात बिअरचा घोट होता. तो गिळून बोलायचं एवढंच होतं. तिने गिळला आणि बोलली नाही.

उद्या सांगू, म्हणता म्हणता उन्हाळा गेला. तोवर क्लेमनी गाडी विकली, डोकं तपासून घेतलं, सायकल शेडमध्ये उलटी टांगली. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही. क्लेमना पटलं नाही. ज्याला फाटक आठवत नाही, त्याने गॅस तरी का पेटवावा? त्यांच्या बायकोने, डोरीनने, हे सगळं जिललाच सांगितलं, डॉक्टरच्या काउंटरवर मांजरीचं औषध घेताना. जिलने तिला औषधाबरोबर पावती दिली आणि ती रात्रभर छताकडे बघत पडून राहिली. लाज वाटायला हवी होती, तशी वाटतही होती, पण तोंड काही उघडत नव्हतं.

ऑक्टोबरातल्या त्या रविवारनंतरही दर रविवारी फाटकं लागत राहिली. सपाट वाटेवर मागून खडी करकरायची. एकदा उतारावर कुईकुई ऐकू आली आणि जिलने मागे न बघता अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून पेडल मारलं. नाइजेलने विचारलं, "कोणी मागे लागलंय का गं?"

शेवटी ती एका रविवारी दुपारी तडक ग्विलियमांकडे गेली. आज सांगून टाकायचं, मग गावाने तोंडावर थुंकलं तरी चालेल.

डोरीनने केक कापला. क्लेम खिडकीशी बसले होते, पायात घरातल्या सपाता, मांडीवर शाल.

"हे बघ ना," डोरीन हळूच म्हणाली आणि तिने नवऱ्याचा हात उलटा केला. तळव्यावर गंजाची तांबडी पट्टी होती. "दर रविवारी. घराबाहेर पाऊल नाही टाकत हा माणूस. साबणाने घासते मी, पुढच्या रविवारी पुन्हा आहेच."

क्लेम जिलकडे बघून ओशाळं हसले. "पोरी, जरा हळू चालव ना," ते म्हणाले. "फाटक लावून तुला गाठेपर्यंत धाप लागते मला."

केकचा तुकडा ताटलीत तसाच टाकून जिल उठली. वाटेत तिने मनाशी ठरवलं, की यापुढे प्रत्येक फाटक आपण स्वतः लावायचं, खांदा लावून, कडी ओढून. मग क्लेमना यायचं कारणच उरणार नाही. सांगण्यापेक्षा हे सोपं होतं. तिला खरोखर हलकं वाटलं.

पुढच्या रविवारी तिने तसंच केलं. प्रीसच्या फाटकातून ती बाहेर आली तेव्हा मागे खडी करकरत होती, थोडी लांब होती. ती जवळ येण्याआधीच जिलने फाटक उचललं, ढकललं, कडी घातली आणि जोरात ओरडली, "कडी लागली!"

कुरणात ब्रेक कुईकुई वाजला आणि थांबला. मग फाटक आतून हललं. एकदा. हळूच.

जिल पळाली.

घरी पोचली तर डोरीनचा फोन. "जिल, येशील का गं? ह्यांना काहीतरी होतंय."

क्लेम खिडकीशीच होते. डोळे उघडे होते, पण बघत नव्हते. उजवा हात हवेत होता आणि अंगठा तिथे नसलेली कडी चाचपत होता. "पलीकडे कोण आहे?" ते अगदी सभ्यपणे विचारत होते. "उघडता का जरा? सगळे गेले पुढे."

जिल त्यांच्या पायाशी बसली आणि तिने सगळं सांगितलं. फोन, बहीण, खोटी खूण, बिअरचा घोट. रडत सांगितलं, मोठ्याने सांगितलं, कानाशी तोंड नेऊन सांगितलं. डोरीनने प्रत्येक शब्द ऐकला. क्लेमनी एकही ऐकला नाही.

"उघडता का जरा?" ते म्हणाले.

डोरीनचा चेहरा पांढरा पडला होता. "मग जा ना," ती म्हणाली. "जा आणि उघड."

जिल सायकल दामटत प्रीसच्या फाटकाशी पोचली. कुरणात मेंढ्या होत्या, यंदाच्या नव्या. तिने फाटक उचलून सताड उघडलं आणि धरून उभी राहिली. "क्लेम, या," ती म्हणाली. "या ना."

मेंढ्या फाटकाकडे आल्या आणि अलीकडेच थबकल्या. मध्ये माणूस उभा असावा तेवढी जागा सोडून अर्धगोल करून उभ्या राहिल्या. कोणी बाहेर येईना.

तेव्हा तिला कळलं. शेवटचा माणूस कधीच कोणाच्या पुढे जात नाही. फाटकाशी जिल होती तोवर क्लेम निघणार नव्हते. तिने जायला हवं होतं, फाटक उघडं टाकून, वसंतात गेली होती तशी.

"मी होते पुढे," ती म्हणाली. "तुम्ही लावा."

तिने हात सोडला. सायकल ढकलत ती गल्लीने निघाली, मागे वळून न बघता, कान मागे ठेवून. मेंढ्यांचे खूर गल्लीतल्या खडीवर वाजू लागले.

वळणापलीकडून दुधाच्या टँकरचा आवाज येत होता. मागे कडी अजून वाजली नव्हती.